मनाचे आडोसे : भावना, ताण आणि मानसोपचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी मानसोपचाराचं काम करते. पहिल्या भेटीत लोक जे विचारतात ते प्रश्न इथं आहेत. काही प्रश्न तर दाराशी चप्पल काढताना सोबतच्या माणसाला कुजबुजून विचारलेले आहेत. तेही मी ऐकलेत, भिंत पातळ आहे. उदाहरणांतली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गाव, वय, नातं बदललंय आणि दोन-तीन जणांच्या गोष्टी एकात मिसळल्यात.

"मला काय येड लागलंय का? मग मी इथं कशाला?"

बहुतेक वेळा ही सोबत आलेल्या बायकोविरुद्धची तक्रार असते. "मॅडम, मला काहीच झालं नाही, ही उगंच घेऊन आलीय मला."

आपल्याकडं 'मानसिक' म्हटलं की एकदम येरवडा आठवतो. त्याला कारण आहे. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या भागातून माणूस तिकडं नेला जायचा तो अगदी हाताबाहेर गेल्यावर, जीपमध्ये बांधून. त्यामुळं त्याआधीच्या टप्प्यावर काही करता येतं हे कुणी पाहिलंच नव्हतं.

माझ्याकडं येणारी बहुतेक माणसं रोज कामाला जातात, लग्नं जमवतात, बँकेचे हप्ते भरतात. त्यांना झोप लागत नाही, लेकरांवर विनाकारण हात उचलला जातो, गर्दीत जीव घाबरतो, किंवा दोन वर्षांपासून कशातच राम वाटत नाही. एवढं असलं तरी यायला पुरेसं आहे.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी छातीत धडधडतं, हातपाय गळतात. मग मी सोंग करते का?

नाही. धडधड खरी असते. हृदयाला दोष नसतानाही ती खरीच असते.

चाळिशीतल्या एक ताई साडीच्या दुकानाची मोठी पिशवी भरून रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. चार वेळा ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, एका ठिकाणी डोक्याचा एमआरआयसुद्धा. तालुक्याला गेलं की 'अशक्तपणा' म्हणून सलाईन लावायचे, दोन दिवस बरं वाटायचं. मी विचारलं, सलाईन लावलेलं असताना घरी काय चालू असतं? त्या थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत बसल्या. मग म्हणाल्या, "कायी नाही. तेवढं दोन तास मला कुणी आवाज देत नाही."

शरीराच्या बाजूनं बघू. मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात, पोटाचं काम मंदावतं. थोड्या वेळानं कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक वाढतं. ही सगळी तयारी पळायची किंवा भिडायची. साप दिसला तर ती कामाची. पण धोका म्हणजे सासऱ्यांचं बोलणं किंवा सोसायटीची नोटीस असेल तर पळणार कुठं? इंजिन चालू, गाडी जागेवर. मग मान दुखते, पित्त होतं, हाताला मुंग्या येतात.

शिवाय आपल्या घरांत सुनेला 'मला आज वाईट वाटतंय' म्हणून पडून राहता येत नाही. 'कंबर भरून आली' म्हणून राहता येतं. मन जिथं बोलू शकत नाही तिथं अंग बोलायला लागतं. हे ठरवून होत नाही, म्हणून ते सोंग नाही.

एक पथ्य मात्र मी पाळते. तपासण्या झालेल्या नसतील तर आधी त्या करून यायला सांगते. थायरॉइड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी असंच होतं, त्यावर गप्पा मारून उपयोग नाही.

मला फक्त टेन्शन येतं. भावना वगैरे काही कळत नाही.

'टेन्शन' हा आपला सर्वांत मोठा पोत्यासारखा शब्द. त्यात काय वाट्टेल ते भरता येतं. मी कधीकधी दहा मिनिटांसाठी तो शब्द बंद करते. एका शेतकरी दादांना तसं सांगितलं तर ते आधी हसले.

"बरं. मग राग यायलाय म्हणा."

कुणाचा? धाकट्या भावाचा. विहीर सामायिक, पाळी ठरलेली, पण त्यानं यंदा पाणी दिलं नाही. मग पुढं? पुढं बराच वेळ काही नाही. पंख्याकडं बघत म्हणाले, "लेकीच्या सासरचे आलते. त्यांच्या म्होरं टँकरचं पाणी ठेवलं प्यायला." आणि गळा दाटून आला.

राग होता, पण त्याच्या खाली लाज होती आणि तिच्याही खाली भाऊ दुरावल्याचं दुःख. भावाशी भांडून पाणी मिळालं असतं तरी हे दोन्ही तसेच राहिले असते. मानसोपचारातला बराचसा वेळ अशा खालच्या थरापर्यंत जाण्यात जातो.

प्रत्येक भावना काहीतरी कळवायला येते. भीती सांगते की पुढं धोका आहे. राग सांगतो की कुणीतरी आपला बांध कोरतंय. दुःख सांगतं की काहीतरी गेलं, आता थांब. लाज चारचौघांतल्या आपल्या जागेबद्दल असते आणि अपराधीपणा आपल्याच हातून झालेल्या गोष्टीबद्दल. या दोघींची गल्लत झाली की फार हाल होतात. पीक बुडालं ही माणसाची चूक नसते, पण लाज त्याला गुन्हेगार असल्यासारखं वागायला लावते.

पुरुषांना रागाची मुभा आहे, रडण्याची नाही. बायकांचं उलटं. म्हणून माझ्याकडं येणारे पुष्कळ पुरुष रडण्याऐवजी रागावतात आणि पुष्कळ बायका रागावण्याऐवजी रडतात.

ताण वाईटच असतो का?

थोडा हवाच. पेरणीच्या दिवसांत माणूस पहाटे चारला आपसूक उठतो ते त्याच्याच जोरावर. त्रास होतो तो न संपणाऱ्या ताणाचा. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं १९३६ साली दाखवलं की प्राण्यांवर कुठलाही मारा सतत होत राहिला तर शरीर आधी सावध होतं, मग तग धरतं आणि शेवटी थकतं. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आता पुनर्वसूकडं बघायचं, असं बघणं वर्षामागून वर्षं चालतं तेव्हा माणूस तिसऱ्या टप्प्यावर आलेला असतो आणि घरचे म्हणतात, "आळशी झालाय."

बचाव यंत्रणा म्हणजे काय?

झेपणार नाही असं सत्य समोर आलं की मन आपल्या नकळत त्याच्या आणि स्वतःच्या मध्ये काहीतरी आडवं धरतं. पुस्तकात याला संरक्षण यंत्रणा किंवा बचाव यंत्रणा म्हणतात. मी आडोसा म्हणते, लोकांना पटकन कळतं. कल्पना मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची. त्यांची मुलगी अॅना फ्रॉइड यांनी तिची नीट मांडणी केली, तीही १९३६ सालीच. योगायोग म्हणायचा.

पण खरं सांगू का, आपल्या आजीला हे सगळं माहीत होतं. म्हणी काढून बघा.

वड्याचं तेल वांग्यावर : साहेबांचा राग साहेबांवर काढता येत नाही, तो घरी येऊन लेकरावर निघतो. याला विस्थापन म्हणतात. आमच्याकडं येणाऱ्या लेकरांपैकी निम्मी वांगीच असतात. चोराच्या उलट्या बोंबा : स्वतःच्या मनातली जी गोष्ट कबूल करवत नाही ती दुसऱ्यात दिसायला लागते, हे प्रक्षेपण. सुनेच्या मनात वाटणीचं आहे असं रोज म्हणणाऱ्या घरात वाटणीचा विचार पहिल्यांदा कुणी केला होता, हे शोधण्यासारखं असतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट : नाही मिळालं तर 'मला नकोच होतं', म्हणजे समर्थन. आणि डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणजे नकार. दारू 'कधीतरी' घेणाऱ्या माणसाच्या तोंडी हा नकार इतका साधा आणि प्रामाणिक असतो की सुरुवातीची काही वर्षं मी फसायचे.

म्हणीत न सापडणारेही आडोसे आहेत. ज्याच्याबद्दल मनात चीड आहे त्याच्याशीच अति गोड वागणं. धाकटं भावंड झाल्यावर सहा वर्षांच्या पोरानं पुन्हा अंथरूण ओलं करणं. शिकलेल्या माणसांचा लाडका आडोसा म्हणजे दुखऱ्या गोष्टीवर व्याख्यान देणं. एक प्राध्यापक स्वतःच्या घटस्फोटाबद्दल तीन भेटी समाजशास्त्र सांगत होते. चौथ्या भेटीत मी विचारलं, "डबा कोण करतं आता?" आणि ते बोलायचे थांबले.

वडील गेले तेव्हा मी रडलोच नाही. मी दगडाच्या काळजाचा आहे का?

थोरल्या मुलाकडून हा प्रश्न नेहमी येतो. तिरडी, लाकडं, पाहुण्यांचे फोन, दहावा, तेरावा, सातबाऱ्यावर वारसाची नोंद. एवढं सगळं ज्याच्या अंगावर पडलं त्यानं त्या वेळी रडून कसं चाललं असतं? तुमच्या मनानं घटना एका खोलीत आणि वेदना दुसऱ्या खोलीत ठेवली. ते शहाणपण होतं. दुसऱ्या खोलीचं दार वर्षभरानंही उघडत नसेल, वडिलांचं नाव निघालं की तुम्ही उठून जात असाल, त्यांच्या शेताकडं पाऊल वळत नसेल, तर मात्र येऊन बसा.

मग हे आडोसे मोडून काढायचे का?

घाईनं तर अजिबात नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपानं हलला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास दहा हजार माणसं गेली. पुढं नवी गावठाणं झाली, पक्की घरं मिळाली, तरी कित्येकजण छताखाली झोपायला धजावत नव्हते. अंगणात, पत्र्याखाली, मोकळ्यावर झोपायचे. पाऊस आला की बसून रात्र काढायचे.

त्यांना कुणी 'आता घर पक्कं आहे, कशाला घाबरता' म्हणून आत ढकललं असतं तर बरं झालं असतं का? बाहेर झोपण्यानं त्यांना एकेकाळी वाचल्याची खात्री दिली होती. आधी त्या अंगणाचा मान ठेवायचा. मग एखाद्या दुपारी दार उघडं ठेवून आत दहा मिनिटं बसायचं. मग दार लोटून. मग एखादी डुलकी. मानसोपचारात भीतीवरचं काम साधारण याच चालीनं जातं, आणि मनाच्या इतर आडोशांशीही मी असंच वागते. लहानपणी मार चुकवायला शिकलेली गप्प राहण्याची सवय चाळिशीत संसार मोडायला निघालेली असते. तिला शिव्या देऊन ती जात नाही. ती कशापासून वाचवत होती हे कळलं की पकड सैल होते.

शिवाय सगळे आडोसे सारखे नसतात. जॉर्ज व्हेलंट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं माणसांचा अनेक दशकं पाठपुरावा करून कच्चे आणि पिकलेले असा फरक दाखवला. विनोद, दुसऱ्याला मदत करणं, वेदनेचं कामात किंवा कलेत रूपांतर करणं हे पिकलेले. गंगाखेडच्या जनाबाईची ओवी जात्यावर म्हणताना आपल्या आज्या-पणज्यांनी किती दुःख दळून काढलं असेल! माझ्या आजीच्या ओव्यांत सासूचं नाव कधी आलं नाही, पण पीठ पडायचं तेव्हा आम्हाला बरोबर कळायचं. जातं गेलं, गिरणी आली. काम सोपं झालं याचा आनंदच आहे, पण ओवी म्हणायची ती जागाही गेली.

आमच्या सुनेच्या अंगात येतं. काहीजण भानामती म्हणतात. देवऋष्याकडं न्यावं की तुमच्याकडं?

आधी एमबीबीएस डॉक्टरकडं. झटका, जीभ चावली जाणं, शुद्ध हरपणं, कपड्यात लघवी होणं असं काही असेल तर ती मिरगी असू शकते आणि तिला औषध आहे.

ते नसेल तर पुढचं बोलू. सहन होण्यापलीकडं गेलं की मनाचा एक भाग उरलेल्या मनापासून सुटा होऊ शकतो. त्या अवस्थेत माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, घुमतो, नंतर त्याला आठवत नाही. ज्या बाईला एरवी घरात पाणी मागायचीही चोरी, तिच्या अंगात देवी आली की सासरा हात जोडून उभा राहतो आणि 'काय चुकलं?' विचारतो. तिला हे असं ठरवून साधायचं नसतं. पण तिचं ऐकलं जाण्याची वेळ घरात तेवढीच येते, हे घरानं बघायला हवं. वर्षातून एकदा नवरात्रात अंगात येतं आणि त्यानं कुणाला त्रास नाही, तर तो आजार म्हणायचं मला कारण दिसत नाही.

भानामती तर आपल्या मराठवाड्याच्या फार ओळखीची. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कुठं गावातल्या बायका एकीपाठोपाठ एक भुंकायला लागतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन एकेकाशी वेगळं बोलतात. करणारी व्यक्ती बहुधा घरातलीच आणि बहुधा सर्वांत दबलेली निघते. तिचं नाव चारचौघांत न घेता प्रकार थांबवायचा, ही त्यांची पद्धत मला फार शहाणी वाटते. त्यानंतर तिला बोलायला माणूस मिळाला नाही तर मात्र दुसरं काहीतरी सुरू होतं.

भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळीनं बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

त्या खोलीत नेमकं होतं काय?

दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, घड्याळ. पंचेचाळीस-पन्नास मिनिटं. तुम्ही बोलता, मी ऐकते, मध्ये विचारते. सल्ला फार कमी देते. फुकटचा सल्ला देणारे तुमच्या गल्लीत भरपूर आहेत आणि ते सगळे ऐकूनच तुम्ही आलेले असता.

पद्धती अनेक आहेत. ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या पद्धतीत विचार, भावना आणि वागणं यांची साखळी तपासतात. 'बायकोनं फोन उचलला नाही' आणि 'माझी कुणाला किंमत नाही' या दोन वाक्यांच्या मधे काय घडलं, ते वहीत लिहून काढायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत कि. मो. फडके यांच्यामुळं घरोघर पोचली. तिचा भर 'असं व्हायलाच पाहिजे' या हट्टावर असतो. मनोगतिक पद्धत जुन्या नात्यांकडं आणि आडोशांकडं बघते. मी पेशंट बघून मिसळ करते.

कधीकधी पूर्ण तास श्वासावरच जातो. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाची गती उतरते. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. हे एसटीच्या रांगेतही करता येतं, कुणाला कळत नाही.

नुसतं बोलून कर्ज फिटणार आहे का?

नाही फिटणार. हे मी पहिल्याच भेटीत सांगते.

सोयाबीनचा भाव पडला, उसाच्या टोळीला जायचं म्हणून मुकादमाकडून उचल घेतली आणि ती फिटेना, यावर माझ्याकडं औषध नाही. व्यवस्थेनं दिलेला ताण आणि उपचार एकट्या माणसावर, हे मला स्वतःलाही खटकतं. तरीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कर्जापेक्षा कर्ज लपवण्यानं माणूस आधी खचतो. एका दादांनी बायकोपासून सावकाराचा आकडा तीन वर्षं लपवला होता. फोन वाजला की ते उठून गोठ्यात जायचे. बायकोला वाटायचं, बाहेर दुसरी कुणी आहे. ज्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी आकडा सांगितला त्या दिवशी ती माउली रडली नाही. म्हणाली, "एवढंच व्हय? मी म्हणलं काय की." कर्ज तेवढंच राहिलं. पण हिशेबाला दोघं बसली, आणि ते रात्री झोपायला लागले.

राज्य सरकारनं २०१५ पासून मराठवाडा आणि विदर्भात शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघर जाऊन चौकशी करतात. तुमच्या दारात आल्या तर 'समदं बरं हाय' म्हणून वाटेला लावू नका.

गोळ्या घ्याव्या लागतील का? सवय लागते म्हणे.

सगळ्यांना लागत नाहीत. मी गोळ्या देत नाही, मला तो अधिकारही नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञाचं. उदासीवरच्या बहुतेक गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या अचानक बंद करायच्या नसतात. सवय लागते ती झोपेच्या आणि घाबरणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांची, ज्या लोक मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणतात. गंमत अशी की ज्यांची भीती बाळगायची त्या उशाशी असतात आणि ज्या घ्यायच्या त्या कपाटात.

कुणाकडं जायचं? पाटी सगळ्यांची सारखीच दिसते.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते. नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आठवड्याचा कोर्स करूनही लागते, तेव्हा शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलं, हे विचारून घ्या. 'तीन भेटीत गॅरंटी' दिसलं की पुढं चालू लागा.

सरकारीत छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरी आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं मानसोपचार विभाग आहेत. गर्दी असते, बसून बोलायला वेळ कमी मिळतो, पण निदान आणि औषधं नीट होतात. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. घरबसल्या बोलायचं तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीत, चोवीस तास, फुकट.

गावात कळेल का?

माझ्याकडून कळणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्यानंच माहिती मागितली असेल, तर तेवढ्यापुरता अपवाद. लहान लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मला पोलिसांना कळवावंच लागतं, हेही आधीच सांगून ठेवते.

पण दवाखान्याच्या बाहेर तुमची गाडी कुणी पाहिली तर? ते खरं आहे. म्हणूनच एक बाई दाताच्या डॉक्टरांच्या जिन्यानं वर यायच्या. दुसरे एकजण फोनवर बोलतात, शेतातल्या लिंबाखाली बसून, कारण घरात चार माणसं आणि एकच खोली. मागून होले घुमत असतात. कुणी बांधावरून आलं की ते "हां हां, युरियाचं बघू मंग" म्हणतात, आणि मला कळतं की आता थांबायचं.

घरचे 'आम्ही पण आत बसतो' म्हणतात तेव्हा मी चहाची टपरी दाखवते.

किती दिवस चालतं?

घाबरण्याचा आजार, ठराविक भीती अशा गोष्टींना आठवड्याला एक धरून आठ ते वीस भेटी. लहानपणापासूनचं काही असेल तर जास्त. सुगीत आणि लग्नसराईत खाडे होणार हे मी धरूनच चालते.

मुलगा लातूरला नीटची तयारी करतोय. फोनवर फक्त 'हं' म्हणतो. काय करावं?

त्याला मार्क विचारणं आठ दिवस बंद करा. फक्त आठ दिवस. जेवण काय होतं, रूममध्ये डास आहेत का, क्रिकेटमध्ये काय झालं, एवढंच. बापाला हे फार जड जातं, मी पाहिलंय. एका वडिलांनी आठव्या दिवशी मला फोन केला : "मॅडम, डास लै हायत म्हणला. अर्धा तास बोलला."

त्या खोलीतलं ओझं फक्त अभ्यासाचं नसतं. बापानं त्याच्यासाठी काय विकलं हे त्याला पक्कं माहीत असतं. नापास झालो तर ते एकर परत येणार नाही, हे गणित तो रोज सोडवतो. झोप उडाली, जेवण तुटलं, आंघोळ सोडली, स्वतःच्या वस्तू वाटून टाकायला लागला किंवा 'माझ्यामागं तुमचे पैसे तरी वाचतील' असं काही बोलला, तर त्याच दिवशी गाडीत बसा.

कुणी मरणाची भाषा करत असेल तर थेट विचारावं का? विचारल्यानं डोक्यात येईल ना?

थेट विचारा. "जीव द्यावा असं मनात येतं का?" या शब्दांत. विचारल्यानं नवा विचार पेरला जात नाही, उलट माणसाला वाटतं, कुणाला तरी दिसलं. हो म्हणाला तर वाद घालू नका, लेकरांची शपथ घालू नका. ऐका आणि त्याला एकटं सोडू नका.

आणि फवारणीचं औषध घरातून हलवा. आजच. भावकीत कुणाकडं तरी कुलपात ठेवा. तो झटका पुष्कळदा थोडा वेळच टिकतो, त्या वेळात हाताशी डबा नसला तर माणूस वाचतो. १४४१६ ला फोन करा. कुणी काही प्यालं असेल तर उलटी करवत बसू नका, डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं धरून चालतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतं.

दोन-तीन भेटीनंतर मला तुमचाच राग यायला लागला. यावंसंच वाटत नाही.

हे ऐकलं की मला बरं वाटतं, विचित्र वाटेल पण खरं आहे. आडोशाजवळ पोचलो की मन गाडी चुकवायला लागतं. पाहुणे येतात, मोटार जळते, तारीख लक्षात राहत नाही. कधी माझ्या जागी तुम्हाला तुमची मोठी बहीण दिसायला लागते, जी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि नंतर आईला सांगायची. हे घरी बसून न गिळता खोलीत येऊन माझ्या तोंडावर सांगा. एका ताईंनी पाच भेटी हुरडा, बोरं, शेवगा काहीबाही आणलं आणि सहाव्या भेटीत म्हणाल्या, "तुम्ही घेतच नाहीत, मला तुमचा राग येतो." त्या दिवशी कळलं की काही दिल्याशिवाय आपल्याला कुणी जवळ करत नाही, असं त्या सात वर्षांच्या असल्यापासून धरून चालल्या होत्या. हुरडा मी तरीही घेतला नाही. फार जड गेलं, गूळभेंडी ज्वारीचा होता.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी. जुनी फाइल. शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी सांगा, म्हणजे त्या हिशेबानं वेळ ठरवता येते. कुंडली नको. काय बोलायचं ते पाठ करून येऊ नका, आणि आल्यावर काहीच सुचलं नाही तर तसंच सांगा. बसू थोडा वेळ. माठातलं पाणी गार असतं.